दुर्बीण कुणाची?

“दुर्बीण हे विज्ञानवाल्यांचे काम,” असे आपल्यातलेच म्हणतात. मला ते पटत नाही. फोकल रेशो म्हणजे नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास. अंतर १२०० मिलिमीटर, व्यास १५०, उत्तर ८. दुप्पट करणारे बार्लो भिंग लावले की १६. गुरूची प्रतिमा दुप्पट रुंद, पण उजेड चौपट विरळ. म्हणून फोटोला वेळही चौपट. यात कलाशाखेला न झेपणारे काय आहे? औष्णिक केंद्राच्या दिव्यांनी ऊर्जानगरात बारीक तारे बुजतात खरे, पण गुरू-शनी त्या झगमगाटाला पुरून उरतात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. त्या पायरीवरच आकाशाची वाटणी झालेली मला मान्य नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाचा खर्च थोडा आवरून कॉलेजने सहा इंची दुर्बीण घ्यावी, आणि कपाटाची किल्ली आमच्याकडेही द्यावी.