काळी चारचा तानपुरा आणि ‘साइज निवडा’

माझ्या मामूंचं मिरजेत वाद्यांचं दुकान आहे. पुढे दहा फुटांची खोली, तिला दुकान म्हणायचं. मागे तेवढीच दुसरी, तिला कारखाना म्हणायचं. कारखान्यात मामू, एक कारागीर आणि छताला टांगलेले वाळके भोपळे. लहानपणी सुट्टीत गेलो की आम्ही भावंडं त्या भोपळ्यांखालीच अंथरूण टाकायचो. अम्मी दटावायची, हात लावू नका, एक फुटला तर मामूंचा महिना फुटतो.

हे दुकान गेल्या पाच वर्षांत ऑनलाइन गेलं. ‘ऑनलाइन जा, म्हणजे सुटाल’ हा सल्ला हल्ली आपल्या समाजात प्रत्येक कारागिराला मिळतो. बचत गटाच्या शिबिरात मिळतो, लग्नाच्या दस्तरखानावरही मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मामूंचा हा प्रवास मी जवळून पाहिला आहे आणि त्या सल्ल्यात एक गोष्ट कायम राहून जाते असं माझं मत झालं आहे.

आधी मिरजेबद्दल थोडं, कारण बाहेरच्या वाचकाला हे गाव रेल्वे जंक्शन आणि दवाखाने एवढंच माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे तंतुवाद्यं बनतात. बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. हत्यारांचं काम आटलं, तशी त्यांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग बनवायलाच लागली. फरीदसाहेबांचं नाव या परंपरेच्या सुरुवातीला घेतलं जातं. पुढे व्यवसायच आडनाव झाला, सतारमेकर. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली गेल्यावर ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. आजही उरुसात तिथे संगीत सभा होते. गाणारे बहुतेक हिंदू, वाद्यं बनवणारे बहुतेक मुसलमान, आणि दोघांचा देव-खुदा त्या रात्री एका सुरात बसलेला. मला हे ‘सलोख्याचं प्रतीक’ वगैरे म्हणवत नाही. मामूंसाठी तो धंद्याचा हंगाम असतो, आणि मला ते जास्त खरं वाटतं. उरुसाला आलेला गवई तानपुऱ्याची जवारी काढून घेतो, जाताजाता नवा वाजवून बघतो.

२०२०च्या मार्चमध्ये हे सगळं थांबलं. मैफली नाहीत, क्लास नाहीत, उरुसाची सभा नाही. पाच महिने दुकानाचं शटर खाली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि फोनमधलं अ‍ॅप यांनी आधीच अर्धं गिऱ्हाईक नेलं होतं. तेव्हा मामूंची धाकटी, माझी मामेबहीण, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर दुकान उघडायचं ठरवलं आणि फॉर्म भरायला मला फोन लावला. का, तर आपा मास्तरीण आहे, तिला फॉर्म कळतात.

तो फॉर्म मी विसरणार नाही. पहिली अडचण जीएसटी क्रमांकाची. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी शून्य आहे, पण क्रमांकाशिवाय पान पुढे सरकेना. तो काढला. मग रंग निवडा. मग साइज निवडा: स्मॉल, मीडियम, लार्ज. मामू शेजारी बसून विचारत होते, क्या पूछ रहा है? तिने सांगितलं. मामू म्हणाले, “अगं, कुणासाठी ते विचार ना. काळी एकला गाणारा आहे की काळी चारला?”

ज्यांना गाण्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेटीच्या पट्टीवर आपला सा कुठे आहे, यावर तानपुरा ठरतो. पुरुषाचा मोठा, बाईचा त्याहून लहान. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्या एका सा वरून. दुकानात हा प्रश्न मामू विचारतसुद्धा नाहीत. गिऱ्हाईक बोलायला लागलं की त्यांना अंदाज येतो. त्या फॉर्ममध्ये मात्र गळ्यासाठी रकानाच नव्हता.

शेवटचा रकाना ‘ब्रँड’. मामू म्हणाले, कुछ मत लिखो. “नाम किसे होना बेटा, काम बोलताय ना.”

या वाक्यावर मी पुन्हा येणार आहे.

पहिली विक्री झाली तेव्हा घरात खीर झाली. मग कुरिअरचा हिशेब आला. बहुतेक कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात, खरं आणि खोक्याच्या आकाराचं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. तानपुऱ्याचं खोकं १५० बाय ५० बाय ४५. गणित करून बघा, साडेसदुसष्ट किलो येतात. आत वाद्य, भुसा, लाकडी चौकट मिळून भरलं होतं बारा किलो. मामू दोन दिवस म्हणत होते, हवा का किराया भर रहे हम. पण भोपळा म्हणजे हवाच, आवाज त्या पोकळीतूनच येतो. ती कमी करून चालत नाही.

चौथा की पाचवा तानपुरा परत आला. नवव्या दिवशी. कारण लिहिलं होतं, ‘अपेक्षेप्रमाणे नाही’. खोकं उघडलं तर घोडीचा दोरा हरवलेला, एक खुंटी सैल आणि दांडीच्या गळ्याशी झेंडूची सुकलेली पाकळी चिकटलेली. कुठल्यातरी कार्यक्रमात वाजून आला होता बिचारा. बाजारपेठेने गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, जाण्या-येण्याचं भाडं मामूंच्या खात्यातून कापलं. तक्रार केली, तर उत्तर आलं की पुरावा म्हणून पाठवण्याआधीचा फोटो द्या. फोटोत जवारी दिसते का? घोडीच्या पाठीला कानशीने केसाएवढा बाक दिलेला असतो. तार त्या बाकावरून चाटत जाते आणि त्या चाटण्यातून आवाज उमलतो. खाली सुती दोरा असतो, तो तिळभर सरकवला की आवाज बंद होतो किंवा खुलतो. चाळीस वर्षांचा हात त्या तिळभरात असतो.

तेव्हा धाकटीने व्हिडिओ कॉलवर वाद्य ऐकवायला सुरुवात केली. तिथे एक विचित्र गोष्ट घडायची. तानपुरा छेडला की पहिले दोन सेकंद आवाज जायचा, मग समोरचा म्हणायचा, थांबलात का? मामू वाजवतच असायचे. फोनला पंख्याची, गाड्यांची अखंड घरघर गाळून टाकायला शिकवलेलं असतं, आणि तानपुरा तर अखंडच वाजतो. फोनने आमच्या वाद्याला गोंगाट ठरवून पुसून टाकलं होतं. मग ती ध्वनिमुद्रण करून साधी फाइल पाठवायला लागली. आणि तिने स्वतःच एक युक्ती काढली: गिऱ्हाइकाने आधी आपला सा गाऊन पाठवायचा. साइज निवडायच्या रकान्यावर यापेक्षा चांगला उपाय मला तरी सुचला नसता.

इथे जरा विषयांतर करते. ही मुलगी लहानपणापासून मागच्या खोलीत जवारी ऐकत वाढली. तिचा कान तिच्या भावापेक्षा तयार आहे, हे मामूही मान्य करतात. पण पुढच्या खोलीत, गादीवर, ती कधी बसली नाही. गिऱ्हाईक पुरुष, रस्ता वाहता, लोक काय म्हणतील. फोनवर मात्र तीच बोलते, आणि नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी बायका ‘त्या मुलीलाच द्या फोन’ म्हणतात. मामानी अजून कुरकुरतात. ऑनलाइनने आमच्या घरात केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे असं मला वाटतं, विक्रीच्या आकड्यांपेक्षाही.

आता मामूंचं ते वाक्य. काम बोलताय.

दुकानात काम खरंच बोलतं. माणूस येतो, तार छेडतो, डोळे मिटतो, घेतो. मामूंना चार शब्द लागत नाहीत. पण त्यांची अर्ध्याहून जास्त वाद्यं कधीच त्या दुकानातून विकली गेली नाहीत. ती एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याला जायची, कोरी, नावाशिवाय. तशीच पद्धत. गेल्या वर्षी धाकटीला एका वेबसाइटवर मामूंचा तानपुरा दिसला. तबलीच्या कडेची वेल मामूंच्याच हातची, ती आम्ही कुठेही ओळखू. किंमत जवळजवळ दुप्पट. आणि खाली इंग्रजीत पाऊण पान मजकूर: पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, निवडक लाकूड, आमचे कारागीर. आमचे! व्यापाऱ्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. त्याच्याकडे मजकूर लिहिणारा माणूस होता, आणि मामूंनी ब्रँडचा रकाना कोरा सोडला होता.

सल्ल्यात राहून जाते ती गोष्ट ही. ऑनलाइन दुकानात काम बोलत नाही, लिहिलेलं बोलतं. ज्याला आपलं काम शब्दांत मांडता येतं त्याच्या खिशात पैसे जातात, मग हात कुणाचेही असोत. आपण कारागिराला फोन दिला, खातं काढून दिलं, क्यूआर कोड चिकटवून दिला. भाषा दिली नाही. आणि भाषा देणं हे माझं काम आहे. वीस वर्षं मी त्याचाच पगार घेते.

दिवाळीच्या सुट्टीत मी मजकूर लिहायला बसले. बी.एड. झालेली बाई, उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, मला काय अवघड? मी लिहिलं, ‘मनमोहक नादाचे अप्रतिम वाद्य’. मामूंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, हे तर पेटीलाही लागेल, ढोलालाही लागेल. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी विद्यार्थिनीसारखी उतरवून घेत गेले. भोपळा कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, बोटाने ठोकून निवडलेला. दांडी तुणाच्या लाकडाची, कारण ते हलकं असतं. जवारी कुणी काढली, कोणत्या पट्टीला, कोणत्या महिन्यात, कारण पावसाळ्यात लावलेली जवारी उन्हाळ्यात पुन्हा बघावी लागते. हे सगळं त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

शाळा उघडल्यावर मी आठवीच्या वर्गाला निबंध दिला: तुमच्या घरातले हात काय काम करतात ते असं लिहा, की ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याला दिसेल. एरवी ‘माझा आवडता ऋतू’वर पुस्तकातली वाक्यं उतरवणारी मुलं गप्प बसली. मग एका कल्हईवाल्याच्या मुलाने नवसागराचा वास लिहिला, आणि कापसाचा बोळा फिरला की पातेलं आतून कसं पांढरं होत जातं ते. ऱ्हस्व-दीर्घाच्या सोळा चुका होत्या. मी त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले, आणि मुख्याध्यापकांशी त्यावरून माझं थोडं वाजलं.

मामूंनी आता ती मोठी बाजारपेठ सोडली आहे. धाकटीने स्वतःचं छोटं पान केलं आहे. मजकूर मराठीत, खाली इंग्रजी. अर्धे पैसे आगाऊ, जवारीची पुढची सेवा दुकानात आलात तर फुकट. विक्री पूर्वीपेक्षा फार वाढली असं मी म्हणणार नाही, महिन्याला दोन-तीन वाद्यं जातात. दुकानाचं शटरही रोज उघडतं, आणि ते उघडं राहावं असंच माझं मत आहे. फाइल ऐकून झाल्यावर गाडीत बसून मिरजेला येणारी माणसं आहेत. त्यांना सतारमेकर गल्लीत येऊन बसायला एक गादी लागतेच.

दांडीवर अजून नाव नाही. मामू खोक्यावर चिठ्ठी लावायला तयार झालेत, वाद्यावर नाही. इथे आमचं भांडण चालू आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावात पेढे वाटले गेले. पण ते चिन्ह स्वतःच्या मालावर लावायचं तर प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. मामूंचा अर्ज गेले काही महिने गल्ल्याच्या खणात पडून आहे. नाव, पत्ता, आधार, सगळं भरलंय. आपण या वस्तूचे उत्पादक कसे, याचं निवेदन जोडा, एवढंच राहिलंय. व्यापाऱ्याला विचारलं असतं तर त्याने एका संध्याकाळी लिहून दिलं असतं. येत्या रविवारी मी मिरजेला जाते आहे. मामू सांगतील, धाकटी टाइप करील, मी ऱ्हस्व-दीर्घ बघीन.