चौक एक, धनी अनेक

दिल्ली महापालिकेत एखाद्या धोकादायक चौकाचा विषय निघाला की चर्चा पहिल्याच पायरीवर अडते. हा रस्ता महापालिकेचा आहे काय? मोठ्या चौकांच्या बाबतीत उत्तर बहुधा नकारार्थी असते. मतदार मात्र नगरसेवकाचेच दार ठोठावतो. खड्डा दिसला की महापालिकेच्या नावाने बोटे मोडण्याची सवय असलेल्या मुंबई-पुण्याच्या माणसाला राजधानीतील हा प्रकार उमगायला वेळ लागतो.

१९५७च्या दिल्ली महानगरपालिका कायद्याने सार्वजनिक रस्ते बांधणे व त्यांची निगा राखणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. १९९३मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनेही रस्ते आणि पूल यांना बाराव्या परिशिष्टात स्थान दिले. प्रत्यक्षात २०१२मध्ये शीला दीक्षित यांच्या कारकिर्दीत महापालिकेची तीन शकले झाली आणि त्याच सुमारास साठ फूट व त्याहून रुंद रस्ते दिल्ली सरकारच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेले. २०२२मध्ये संसदेने ही शकले पुन्हा जोडली. वॉर्डांची संख्या २७२ वरून २५०वर आली, पण रुंद रस्ते परत आले नाहीत. सभागृहांतील वादाचा रोखही निवडणूक लांबणीवर टाकण्याच्या आरोपावर होता; चौकांची वासलात कशी लागणार, हा प्रश्न बाजूलाच पडला.

त्यामुळे मोठ्या चौकात डांबर एका खात्याचे, सिग्नल केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीतील वाहतूक पोलिसांचे, फेरीवाल्यांच्या परवान्यांचा प्रश्न महापालिकेचा आणि झाड तोडायचे तर परवानगी वनखात्याची. या सर्वांची मोट बांधण्यासाठी २००८मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या छायेत, नायब राज्यपालांच्या अध्यक्षतेखाली, ‘यूटीपेक’ ही संस्था स्थापन झाली. तिने रस्त्यांच्या रचनेचे चांगले निकष तयार केले. परंतु मतदाराला जाब विचारता येईल, असा चेहरा त्या व्यवस्थेला नाही.

जाब विचारणारा नसला की सुधारणेचे उद्दिष्टही आपोआप ठरून जाते. मथुरा मार्ग आणि रिंग रोड जेथे मिळतात त्या आश्रम चौकात २०२२मध्ये भुयारी मार्ग व २०२३मध्ये वाढीव उड्डाणपूल खुला झाला. दोन्ही वेळी कौतुक झाले ते मोटारींच्या वाचणाऱ्या वेळेचे. याच्या उलट उदाहरण आंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गाचे. २००८मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर चिराग दिल्लीच्या सिग्नलला खोळंबलेल्या मोटारवाल्यांचा संताप बातम्यांत गाजला. बसमधून लवकर पोहोचणाऱ्यांचा आवाज क्षीणच राहिला. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने या मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली, तरी २०१६मध्ये केजरीवाल सरकारने तो उखडला. त्याची आखणी सदोष होती, हे मान्य. पण दोष दुरुस्त करण्याऐवजी प्रयोगच मोडीत काढण्यावर काँग्रेसखेरीज बाकीच्यांचे फारसे दुमत नव्हते.

दिल्लीत दरवर्षी सुमारे दीड हजार माणसे रस्त्यांवर प्राण गमावतात आणि त्यांत मोठा वाटा पादचाऱ्यांचा असतो. त्यांच्यासाठी करावयाची कामे बहुधा स्वस्त असतात. भलस्वा आणि राजघाट येथील चौकांत रंगाचे पट्टे व तात्पुरते अडथळे उभारून वळणे आवळण्याचे, ओलांडावयाचे अंतर कमी करण्याचे प्रयोग झाले. त्यांना ना कोनशिला लागते, ना फीत. कदाचित म्हणूनच ते प्रयोगच राहतात.

महापालिकेने आपल्या अरुंद रस्त्यांवर तरी काही करून दाखवावे, तर तेथेही राजकारण आडवे आले. डिसेंबर २०२२च्या निवडणुकीनंतर दोन वर्षांहून अधिक काळ स्थायी समितीच अस्तित्वात नव्हती आणि पाच कोटी रुपयांवरील कंत्राटे तिच्या मंजुरीवाचून रखडली.

फेब्रुवारी २०२५मध्ये भाजपने विधानसभा जिंकली व एप्रिलमध्ये महापौरपदही मिळविले. केंद्र, राज्य आणि महापालिका अशा तिन्ही ठिकाणी एकच पक्ष आल्याने परस्परांकडे बोट दाखविण्याची जुनी सोय संपली. सिग्नलचा अवधी, पदपथाची रुंदी आणि फेरीवाल्यांची जागा एकाच बैठकीत ठरवायला आता पक्षभेदाची आडकाठी उरली नव्हती. उरल्या होत्या त्या खात्यांच्या हद्दी, आणि त्या बदलण्याचा अधिकार त्याच नेतृत्वाकडे आला होता.