२२ पावलांवरची टपरी

काल शाळा सुटताना गेटवर उभा होतो. गेटपासून २२ पावलांवर टपरी. वर चिप्सच्या पाकिटांच्या माळा, खाली रंगीत गोड पाण्याच्या बाटल्या.

मंडळी, केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. हे बघायची जबाबदारी शाळेची. मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, "असा कागद आमच्याकडे आलाच नाही!"

टपरीवाल्यावर काठी उगारू नका, त्यालाही पोट आहे. सरकारी, अनुदानित शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात. म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीत सही करून, चहा पिऊन उठू नका. नियम कधीपासून पाळणार ते विचारा. तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.