गच्चीवरचा गादीवाफा

बंगळुरूच्या जयनगरात गच्चीवर विटांचे गादीवाफे रचून मेथी, वांगी, झेंडू लावणाऱ्यास पहिला प्रश्न येतो तो खर्च निघतो का, हा. भाजीच्या भावाने पाहिल्यास बहुधा तोटाच दिसेल. पण हा हिशेबच अपुरा आहे. शहराचा कचरा मंडूर गावाने वर्षानुवर्षे सोसला. ग्रामस्थांच्या आंदोलनानंतर २०१४ अखेर तेथील गाड्या थांबल्या आणि दुसऱ्या गावांकडे वळल्या. गादीवाफ्यातील कंपोस्ट मात्र हळूहळू खाली बसते आणि दर हंगामात नवी भर मागते. घरातील साली-देठे मडक्यात कुजवून तेथेच जिरविता येतात. जमेस धरावयाची ती हीच रक्कम. ओल्या वाफ्याचा भार गच्चीस पेलेल काय, हे तेवढे अभियंत्यास आधी विचारावे.