जुन्या संगणकात नवं कार्ड?

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक संगणक आहे. पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र बसवलेलं. खाली डबा नाही, वायरींचा गुंता नाही. दुकानात याला ऑल-इन-वन म्हणतात. 2013 साली माझे सासरे निवृत्त झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून त्यांनी तो घेतला. आम्ही सगळे त्यांना अब्बाच म्हणायचो. अब्बांना उर्दूत आपल्या आठवणी टाइप करायच्या होत्या. मुळा धरणाच्या कामावर गेलेली माणसं, जुनी राहुरी, नदीकाठचे मळे, असं बरंच काही. तीसेक पानं झाली, मग डोळ्यांनी साथ सोडली. नंतर अब्बाही गेले. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्यामुळे या यंत्राबद्दल घरात कुणी वाकडा शब्द काढत नाही. थोरलीने मात्र काढला.

थोरली पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका रात्री जेवताना म्हणाली, “अम्मी, त्या संगणकात ग्राफिक्स कार्ड टाकायला हवं. अठरा हजार लागतील.” मी पोळी लाटत होते. ‘ग्राफिक्स कार्ड’ हा शब्द मी फक्त वर्गातल्या मुलांच्या तोंडून ऐकलेला, आणि तोही गेमच्या गप्पांत. मी म्हणाले, “गेम खेळायला अठरा हजार आपल्याकडे नाहीत.” ती काही बोलली नाही. ताट उचललं आणि आत गेली.

वीस वर्षं शिकवतेय मी. मूल प्रश्न विचारतं तेव्हा आधी त्याला काय हवंय ते समजून घ्या, असं नव्या शिक्षकांना सांगते. घरात मात्र तेच केलं नाही.

खरी गोष्ट पंधरा दिवसांनी तिच्या मैत्रिणीच्या आईकडून कळली. आपल्याकडे हल्ली घर बांधायचं म्हटलं की मालक आधी विचारतो, ‘एलिव्हेशन कसं दिसेल?’ म्हणजे घराचा दर्शनी भाग रंगासकट, गॅलरीसकट चित्रात दाखवायचा. थोरली ब्लेंडर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर हे काम स्वतःच शिकली होती. गावातल्या एका इंजिनिअरनी तिला एक चित्र करायला दिलं होतं, दीड हजार रुपये ठरले होते. आमच्या संगणकावर ते एक चित्र तयार व्हायला सगळी रात्र लागायची. दोनदा पहाटे लाइट गेली आणि रात्रीचं काम वाया गेलं. तिसऱ्यांदा ती मैत्रिणीकडे जाऊन बसली, पण तोवर वेळ निघून गेली होती. काम दुसऱ्याकडे गेलं. पोरीची पहिली कमाई हुकली आणि घरात मला पत्ता नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी तिला म्हटलं, “चल, तुझं कार्ड बघू.”

त्या दोन-तीन दिवसांत आम्ही मायलेकी जे शिकलो ते इथे सांगते. असा एखादा जुना ऑल-इन-वन अनेक घरांत असतो, आणि ‘कार्ड टाकून देतो’ असं फोनवर सांगणारेही भेटतात. आम्हाला अठरा हजार सांगणाऱ्याने मॉडेल कोणतं हेसुद्धा विचारलं नव्हतं.

आधी ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते पाहू. पडद्यावरचं चित्र लाखो ठिपक्यांचं बनतं. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला छोटं गणित करावं लागतं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे हुशार मास्तर. कोणतंही अवघड गणित सोडवील, पण तो एकटा. ग्राफिक्सची चिप म्हणजे पाढे पाठ असलेला अख्खा वर्ग. सोपी गणितं सगळे एकदम सोडवतात. पत्र लिहायला, व्हिडिओ पाहायला, निकालपत्रक भरायला प्रोसेसरच्या पोटातच असलेली छोटी ग्राफिक्स पुरते. घराचं चित्र ऊन-सावलीसकट काढायचं तर मात्र वर्ग लागतो.

हे कार्ड उभ्या डब्याच्या संगणकात, म्हणजे टॉवरमध्ये, सहज बसतं. मदरबोर्डवर त्यासाठी लांब खाच असते, तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. जुनं कार्ड काढा, नवं बसवा, स्क्रू आवळा. ऑल-इन-वन मात्र आतून लॅपटॉपचा भाऊ. पडद्यामागच्या बोटभर जागेत टॉवरचं कार्ड मावतच नाही.

मग त्यात कार्ड बदलताच येत नाही का? काहींत येतं. लॅपटॉपसाठी एमएक्सएम नावाची एक छोटी, आडवी बसणारी कार्डं निघाली. एनव्हिडिया कंपनीने ही पद्धत 2004 मध्ये आणली. काही महागड्या ऑल-इन-वनमध्ये तीच खाच असते. अॅपलच्या 2009 ते 2011 च्या आयमॅकमध्ये असं सुटं कार्ड होतं. हौशी लोक आजही त्यांत दुसरं कार्ड बसवतात. पण 2012 च्या अखेरीस आलेल्या मॉडेलपासून चिप बोर्डालाच सोल्डर केलेली आली आणि तो रस्ता बंद झाला. शिवाय खाच असली म्हणजे काम झालं असंही नाही. कार्डाचा आकार, त्यावर बसणारी तांब्याची उष्णतानळी, स्क्रूची भोकं जुळावी लागतात. कार्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर यंत्राने ओळखावं लागतं, नाहीतर पडदा काळाच राहतो. आणि अशी कार्डं बहुधा जुनी, वापरलेलीच मिळतात.

आमच्या यंत्राचं काय, हे पाहायला ते उघडायची गरज पडली नाही. स्टार्टमध्ये जाऊन ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं, मॉडेलचा नंबर लिहून घेतला आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर शोधलं. त्यात एकेका भागाचं चित्र असतं. सुटं ग्राफिक्स कार्ड कुठेच नव्हतं. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच होती आणि एमएक्सएमची खाचही नव्हती. म्हणजे अठरा हजार काय, अठ्ठावीस हजार दिले असते तरी कार्ड बसणार नव्हतं.

थोरलीचा चेहरा उतरला. मी तिला अडॅप्टर उलटा करून दाखवला. त्यावर लिहिलं होतं 19 व्होल्ट, 4.74 अँपिअर. “गुणाकार कर.” उत्तर आलं 90 वॅट. पडदा, प्रोसेसर, डिस्क, पंखा या सगळ्यांना मिळून इतकीच वीज. टॉवरचं साधंसं कार्डसुद्धा खाचेतून 75 वॅटपर्यंत वीज ओढू शकतं. मग बाकीच्यांना उरलं काय? ती म्हणाली, “पंधरा.” आणि हसली. त्या रात्रीनंतर पहिल्यांदाच हसली.

मग दुसरा प्रश्न आला. चित्राला कार्ड हवं हे खरं, पण साधी फाइल उघडायलाही हे यंत्र पाच मिनिटं का घेतं? यासाठी एक सोपी परीक्षा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी, डिस्क, ग्राफिक्स यांचे आलेख दिसतात. यंत्र रखडलेलं असताना कोणता आलेख भरलेला आहे ते बघा. दुखणं तिथे आहे. आमच्याकडे 4 जीबी मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. ग्राफिक्सचा आलेख मात्र जमिनीवर.

आलेख बघत असतानाच थोरली म्हणाली, “अम्मी, आवाज ऐका.” आतून टक-टक असा बारीक आवाज येत होता. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून सुई सरकते. असा आवाज येऊ लागला की डिस्कचे दिवस भरत आले असं समजायचं. तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. अब्बांची ती तीस पानं फक्त याच डिस्कवर होती. कुणीच त्यांची दुसरी प्रत काढलेली नव्हती. मीही नाही.

त्या रात्री दुसरं काहीच केलं नाही. अब्बांच्या फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. त्या इनपेजमध्ये होत्या. इनपेज 1994 मध्ये आलं आणि उर्दू टाइप करणाऱ्यांच्या एका पिढीचा हात त्यावरच बसला. पण त्याची जुनी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ उघडत नाही. म्हणून प्रत्येक पानाची पीडीएफही केली. पहाटे काम संपलं. माझे मिस्टर उठून आले, पडद्यावर अब्बांचं पहिलं पान होतं. ते उभ्या उभ्याच वाचत राहिले. ‘दुकानात टाकून ये’ असं मी म्हणाले असते, तर तिथे आधी डिस्क पुसली गेली असती. म्हणून संगणक दुरुस्तीला देण्याआधी, डिस्क बदलण्याआधी, त्यातल्या फाइलींची प्रत काढा. बाकी सगळं नंतर.

आता पैशांचं. माझी भिशी यंदा लागली होती, तीस हजारांची. त्यातून स्वयंपाकघराचा ओटा करायचा होता. आम्ही तिघांनी बसून दोन कामं वेगळी केली. एक काम घराचं: लेखन, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे व्हिडिओ कॉल. दुसरं थोरलीचं.

घरच्या कामाला हाच ऑल-इन-वन पुरेल असं ठरलं. त्यात जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. हिच्यात फिरणारं काही नसतं. जुनी डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या. मेमरी 4 वरून 8 जीबी केली. इथे एक काळजी घ्या. जुन्या यंत्रांना डीडीआर-3 लागते, आणि काहींना फक्त कमी व्होल्टची, 1.35 व्होल्टवाली. जुन्या पट्टीवरचा मजकूर वाचूनच नवी घ्या. यंत्र उघडलंच होतं म्हणून पंखाही साफ करून घेतला. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात, आणि ती सगळी धूळ त्या पंख्यात गादीसारखी बसली होती. सगळं मिळून चार हजार लागले. उघडायचं काम मात्र जाणत्याकडूनच करून घ्या. काही मॉडेलमध्ये पडद्याची काच चिकटवलेली असते. काहींत वीजपुरवठ्याचा भाग आतच असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ त्यात झटका साठलेला राहतो.

राहिला विंडोज-10 चा प्रश्न. त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि विंडोज-11 इतकी जुनी यंत्रं अधिकृतपणे घेत नाही. म्हणून आम्ही लिनक्स मिंट टाकलं. ते मोफत आहे. त्यावर नोटो नस्तालीक उर्दू हा फाँट घेतला, मराठीला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. आता माझ्या दोन्ही भाषांच्या प्रश्नपत्रिका त्याच यंत्रावर निघतात.

थोरलीसाठी नगरहून एका ऑफिसातला वापरलेला टॉवर आणला, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज-11 चालतं. पंधरा हजार. त्यात 75 वॅटचं, वेगळी वीजवायर न लागणारं वापरलेलं कार्ड, साडेआठ हजार. जुना मॉनिटर तीन हजार. ऑल-इन-वनचा पडदाच मॉनिटर म्हणून वापरावा असं मनात होतं, पण त्यासाठी यंत्रावर ‘एचडीएमआय-इन’ लिहिलेली खाच लागते. आमच्याकडे होती ती बाहेर जाणारी. तुमच्याकडे आत येणारी असेल तर मॉनिटरचे पैसे वाचतील. टॉवर घेताना डब्याची उंची बघा. बुटक्या डब्यात कार्डही बुटकंच लागतं. घासाघीस करताना कार्ड दुकानातच बसवून, अर्धा तास चालवून बघा. आम्ही थोरलीचंच चित्र लावून पाहिलं. घरी रात्रभर चालणारं काम तिथे चहा संपेपर्यंत झालं. दुकानदाराचा पोरगा म्हणाला, “ताई, हे तुम्ही केलं?”

हिशेब साडेतीस हजारांवर गेला. ओटा राहिला. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी थोरलीला म्हणाल्या, “आधी आपल्या घराचं चित्र काढ. ओटा कसा दिसेल ते बघू दे मला.”

तिने काढलंय. काळ्या दगडाचा ओटा, वर खिडकी, खिडकीत तुळस आणि पुदिना. ते चित्र सध्या फ्रिजवर लावलंय. इंजिनिअरसाहेबांनी पुन्हा काम दिलेलं नाही अजून. ती रोज एक चित्र करून ठेवते, म्हणते, कुणी मागितलं तर दाखवायला हवं.

धाकटा अब्बांची पानं वाचायला शिकतोय. त्याचं उर्दू कच्चं आहे, रोज अर्धं पान होतं. तिसाव्या पानावर वाक्य अर्धवटच सुटलंय. तो तिथवर पोचेल तेव्हा विचारील, पुढे काय झालं? उत्तर मला माहीत नाही. पण या वेळी प्रश्न मी नीट ऐकून घेणार आहे.