दाब आणि तडाखा

सातपाटीचा धूपप्रतिबंधक बंधारा पावसाळी उधाणांत फुटून मच्छीमारांच्या घरांत पाणी शिरल्याच्या बातम्या आमच्या वाचकांस नव्या नाहीत. पाडलेल्या इमारतींचे काँक्रीट भरडून त्याची खडी पुन्हा वापरावी, हे धोरण आम्हांस मान्य आहे. त्यासाठी डोंगर तरी फोडावे लागत नाहीत! परंतु अशा बंधाऱ्यांत ती घालण्यापूर्वी थोडे थांबावे. प्रयोगशाळेत २८ दिवसांचा ठोकळा सावकाश दाबून फोडतात; उधाणाची लाट एवढी सवड देत नाही. जुन्या खडीस चिकटलेला सिमेंटचा मसाला सच्छिद्र असतो, त्यामुळे तिच्याभोवती नव्या सांध्याबरोबर जुनाही राहतो, आणि चिरा बहुधा अशा कच्च्या जागीच पडू लागतात. भारतीय मानकाने २०१६ साली सळयांच्या काँक्रीटमध्ये ही खडी २० टक्क्यांपर्यंत, तीही एम २५ प्रतीपर्यंतच, मान्य केली, ती उगीच काय? खडीवर हातोडा १५ वेळा पाडून पाहण्याची चाचणी १९६३ पासून प्रमाण आहे खरी, पण तिने परीक्षा होते ती सुट्या खडीची. तयार काँक्रीट खाऱ्या पाण्यात मुरवून त्यावर आघाताची परीक्षा घ्यावी व तिचा निकाल निविदेपूर्वी ग्रामस्थांपुढे ठेवावा, अशी आमची सरकारकडे मागणी आहे. तोवर ही खडी रस्त्यांच्या पायाभरणीस खुशाल वापरावी.