लॉग-इन केलंत का?

आज ऑफिसला पोचल्या पोचल्या तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत? चहा नंतर हो, आधी लॉग-इन! हा शब्द चक्क जहाजावरचा आहे. लॉग म्हणजे लाकूड. पूर्वी खलाशी दोरीला बांधलेली लाकडी फळी चालत्या जहाजावरून पाण्यात टाकायचे. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत, म्हणजे साधारण २८ सेकंदांत, जितक्या गाठी हातातून सुटतील तितका जहाजाचा वेग. म्हणून तो आजही 'नॉट्स'मध्ये, म्हणजे गाठींमध्येच मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर. हा आकडा ज्या वहीत उतरायचा, ती लॉगबुक. आपलं लॉग-इन म्हणजे तिचंच नातवंड!

असे शब्द ऑफिसात पावलोपावली भेटतात. कुणी 'टेकन अबॅक' झालं म्हणजे वारा अचानक समोरून आला आणि शिडं उलटी डोलकाठीवर दाबली गेली. जहाज जागच्या जागी गार!

माझंही एकदा तेच झालं. पहिली नोकरी, पहिलं अप्रेझल. साहेब म्हणाले, "बाय अँड लार्ज, यू आर गुड. बट..." त्या 'बट'नंतर इन्क्रिमेंट शून्य. 'बाय अँड लार्ज' म्हणजे 'तशी ठीकठाक', असा मी अर्थ लावला आणि पुढचं वर्षभर स्वतःला ठीकठाकच समजत राहिले. नवं काम मागायचीही हिंमत होईना.

पुढे एका लेखासाठी डिक्शनरी चाळताना खरी गंमत कळली. शिडाच्या जहाजांच्या भाषेत 'बाय' म्हणजे वाऱ्याच्या रोखाने, जवळजवळ त्याच्या तोंडावर जाणं. 'लार्ज' म्हणजे वारा पाठीशी घेऊन जाणं. दोन्ही वेळा नीट चालणारं जहाज ते 'बाय अँड लार्ज' चांगलं. थोडक्यात, वारा कसाही असो, भरवशाचं. अहो, ही तर केवढी मोठी शाबासकी!

साहेबांना हे ठाऊक नसणार. मला तरी कुठे होतं? पण एका शब्दाचा अर्थ न विचारता मी एक वर्ष घालवलं, ते माझं. आता फ्रीलान्सिंग करते, तरी कुणी मोघम शेरा मारला की थेट विचारते, "म्हणजे नेमकं काय?" बऱ्याचदा समोरच्यालाच सांगता येत नाही.

तेव्हा येत्या अप्रेझलला कुणी तुम्हाला 'बाय अँड लार्ज' म्हणालं, तर खुशाल थँक यू म्हणा. आणि मग शांतपणे इन्क्रिमेंटचा विषय काढा!